फौजदारने लिफ्ट बाद केली

घरातल्या प्रत्येक वस्तूला तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवली की मूल येता-जाता वाचायला शिकतं, असं वर्गाच्या बाईंनी सांगितलं, तेव्हा स्टोअरकीपरला इतका आनंद झाला की त्याने बाईंच्या समोरच खिशातलं पेन बाहेर काढलं.

बाईंनी सांगितलेले आधीचे उपक्रम त्याला झेपले नव्हते. मुलांना झोपताना गोष्टी सांगा, असं त्या म्हणाल्या होत्या. त्याने एक सांगायला घेतली आणि ती ऐकता ऐकता तो स्वतःच झोपला. मुलांनी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं. मग मातीची अक्षरं करायला सांगितली. तीही केली. ती धुताना मोरीत गेली. प्लंबरने तार घालून एकेक अक्षर बाहेर काढलं आणि ‘ज्ञ’ हाताला लागल्यावर, “याच्यापुढे अजून काही आहे का?” असं विचारलं.

पण चिठ्ठ्या लावणं हा तर त्याचा रोजचा धंदा. एका मोठ्या सरकारी दवाखान्याचं भांडार त्याच्या ताब्यात होतं. खाट, स्टूल, सलाईनचा स्टँड, काहीही असो, लेबल लागल्याशिवाय त्याच्या दारातून आत येत नसे आणि बाहेर जात नसे. जगात दुसरं काही येत नसेल, पण हे आपल्याला येतं, असं त्याला वाटलं. बऱ्याच महिन्यांत तसं वाटलं नव्हतं.

आता बाईंनी त्याला का बोलावलं होतं, ते सांगायला हवं. त्याची दोन्ही मुलं पहिलीत होती. जुळी. मुलगा काही मिनिटांनी मोठा. तो सदान् कदा वाचत असे, दुकानाची पाटी, औषधाची बाटली, समोर येईल ते, म्हणून त्याचं नाव पडलं पंडित. मुलगी फौजदार. तिने जन्मापासून कुणाचं ऐकलेलं नव्हतं. पोटात असल्यापासूनच दोघांनी कामं वाटून घेतली असावीत. वाचन खातं पंडितकडे, आणि भांडण, झाडावर चढणं, हरवलेली पेन्सिल शोधणं, पंडितला मारणाऱ्यांना परत मारणं, ही बाकीची सगळी खाती फौजदारकडे. वर्गात दोघं शेजारी बसत. फौजदारला वाचायला उभं केलं की पंडित खाली मान घालून पुटपुटे आणि ती खणखणीत आवाजात वाचे. बाई खूश होत्या. मग एके दिवशी पंडित तापाने घरी राहिला.

“एक शब्द आला नाही हो तिला,” बाई म्हणाल्या. “अक्षरं ओळखते, पण जोडता येत नाहीत. उलट मलाच म्हणते, माझा वाचणारा आज आलेला नाही.”

स्टोअरकीपरला हसू आलं. ते त्याने आवरलं.

“वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा घेईन मी. एकटीची. वाचता आलं नाही तर तिला पहिलीतच बसावं लागेल. तो पुढे जाईल.”

“त्यांना वेगळं करू नका, बाई.”

“मी कुठे करतेय?”

“एवढं एक करू नका,” तो पुन्हा म्हणाला. आवाज जरा विचित्र निघाला, म्हणून त्याने खोकल्यासारखं केलं. मुलांची आई गेल्यापासून त्याला बरेचदा असा खोकला येई.

घरी येऊन त्याने मुलांना सगळं सांगितलं. फौजदारने खांदे उडवले. पंडितने शांतपणे विचार केला आणि म्हणाला, “मग मीही वाचणार नाही. दोघं नापास होऊ.” आणि बोलल्याप्रमाणे त्याने त्या क्षणापासून वाचणं बंद केलं. रस्त्यात दुकानाची पाटी दिसली की तो डोळे मिटून घेई. दोनदा खांबावर आपटला.

म्हणजे एक वाचत नव्हती आणि दुसरा वाचायला तयार नव्हता. बाईंकडे गेल्याने झालेली ही पहिली प्रगती.

चिठ्ठ्यांची बातमी इमारतीत लगेच पसरली, कारण स्टोअरकीपरने समोरच्या काकूंकडे कात्री मागितली. काकूंकडे काही मागितलं की त्याबरोबर सल्ला मिळतोच.

“चिठ्ठ्या कसल्या लावताय? मुलीला समोर बसवा आणि पाठीत एक धपाटा घाला. आमच्या वेळी असंच वाचायला शिकवायचे.”

“आणि आलं वाचायला?” आतून काकांचा आवाज.

“तुम्ही झोपा!” काकू म्हणाल्या. काका निवृत्त झाल्यापासून दिवसाचा बराचसा वेळ दाराबाहेरच्या खुर्चीत झोपून काढत. आत असले की बोलत, बाहेर असले की घोरत.

सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. त्यांनी मोठी अक्षरं काढा, असं सांगितलं. मग लहान काढा म्हणाले. मग, भिंतीला चिकटवणार असाल तर रंग उडेल आणि भिंत सोसायटीची आहे, याची आठवण करून दिली. ती आतल्या बाजूची भिंत आहे, असं स्टोअरकीपर म्हणाला. आतली बाजू तुमची, पण भिंत आमची, असं सेक्रेटरी म्हणाले आणि हा मुद्दा इतका पेचदार होता की दोघंही विचार करत आपापल्या घरी गेले.

दवाखान्याची जुनी लेबलं भांडारात पडून होती. वरच्या कोपऱ्यात दवाखान्याचं नाव आणि ‘भांडार विभाग’ असं छापलेलं, खाली एक ओळ ‘वस्तू’ आणि त्याखाली दुसरी ‘स्थिती’. नवीन लेबलं आल्यामुळे ही निकामी झाली होती. साहेबांना विचारून त्याने एक गठ्ठा घरी आणला. सुट्टीच्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो कामाला लागला. लुंगी नेसून लेबलं लावणं त्याच्या मनाला पटेना.

इथेच घोटाळा झाला, आणि तो दुसऱ्या कुणाच्या हातून झाला नसता. दुसऱ्या कुठल्याही बापाने ‘दार’ लिहून दाराला चिकटवलं असतं आणि चहा प्यायला असता. पण याच्या पुढ्यात ‘स्थिती’ अशी छापील ओळ होती. इतक्या वर्षांत त्याने ती एकदाही कोरी सोडलेली नव्हती. तेव्हा दार: वापरात. टेबल: वापरात. पंखा: दुरुस्तीस, कारण तो कुरकुरत असे. आणि खुंटीवर एक छत्री होती, तिच्या काड्या मोडल्या होत्या. तिच्यावर त्याने क्षणभर विचार करून लिहिलं, छत्री: बाद.

पंडितने डोळे मिटून घेतले. फौजदार प्रत्येक लेबलासमोरून न बघता निघून गेली. पंखा, पातेली, पलंग, कशाचाच परिणाम होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअरकीपरने छत्री खुंटीवरून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

“का टाकली?” फौजदारने विचारलं.

“लेबल बघ. बाद.”

“बाद लिहिलं की टाकतात?”

“टाकतातच. दवाखान्यात तर मोठमोठ्या खाटा जातात. दोन माणसं येऊन उचलून नेतात.”

“नुसतं लिहिलं की?”

“नुसतं लिहिलं की.”

फौजदार डब्यापाशी जाऊन उकिडवी बसली. छत्रीच्या लेबलावर बोट ठेवलं. ‘ब’, ती म्हणाली. मग काना. मग ‘द’. तिने ते तीनदा केलं आणि मग एकदम, मोठ्याने, कुणीही न पुटपुटता म्हणाली, “बाद!”

स्टोअरकीपर उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. “ऐकलंस का, तिने वाचलं,” असं म्हणायला तोंड उघडलं आणि समोर ओटा दिसला. ओट्यापाशी कुणी नव्हतं. ‘पातेलं: वापरात’ एवढंच होतं. मग उगीचच पातेलं उचललं, आतून पाहिलं आणि खाली ठेवलं. बाहेर येऊन त्याने फौजदारला लेबलांचा एक जाडसर गठ्ठा आणि एक काळं पेन बक्षीस दिलं.

बक्षीस देण्यात तो कधीच फार धोरणी नव्हता.

संध्याकाळपर्यंत दुधाचा ग्लास बाद झाला. पाठोपाठ कंगवा, गणिताचं पुस्तक, शाळेचे मोजे आणि स्टोअरकीपरचं गजराचं घड्याळ. ‘वस्तू’ ही ओळ ती कोरी सोडत असे. वस्तू तर समोरच आहे, मग तिचं नाव लिहायचं कशाला, असं तिचं म्हणणं. ‘स्थिती’ मात्र नीट, ठसठशीत. ‘ब’चं पोट भरलेलं, ‘द’ची शेपटी बाहेर काढलेली. अक्षर उत्तम होतं. स्टोअरकीपर प्रत्येक लेबलापाशी थांबून मान डोलवी. रागवायचं कसं? लिहिते आहे ना? तो दूध वाटीतून देऊ लागला, केस हाताने विंचरू लागला आणि घड्याळाशिवाय दोनदा कामावर उशिरा पोहोचला.

घरातल्या वस्तू संपल्यावर ती जिन्यात गेली.

सुट्टीच्या एका दुपारी काकूंनी दार उघडलं तर बाहेर खुर्चीत काका नेहमीसारखे घोरत होते आणि त्यांच्या सदऱ्यावर, छातीच्या मधोमध, दवाखान्याचं लेबल होतं. स्थिती: बाद.

काकूंनी ते वाचलं. मग चष्मा लावून पुन्हा वाचलं. मग स्टोअरकीपरला हाक मारली.

“अहो, हे तुमच्याकडचं ना?”

“माफ करा काकू, मी आत्ता काढतो…”

“राहू दे हो. मी इतकी वर्षं तोंडाने सांगत होते, कुणी ऐकत नव्हतं. आता सरकारी कागद झाला.”

काका जागे झाले, लेबल उलटं करून बघू लागले आणि म्हणाले, “दवाखान्याचंय. मला तपासलं कधी?”

हे इथवर ठीक होतं. पण काका उठून आत गेले आणि खुर्चीच्या पाठीवर दुसरं लेबल होतं, ते कुणाला दिसलं नाही. भंगारवाल्याला दिसलं. खुर्ची काकूंच्या सासऱ्यांची, सागाची, हातांना कोरीव काम. संध्याकाळी काका झोपायला बाहेर आले आणि जागेवर नुसती फरशी.

स्टोअरकीपर भंगाराच्या दुकानात धावला. खुर्ची तराजूशेजारी होती आणि तिच्यावर भंगारवाला बसला होता.

“लेबल बघूनच उचलली साहेब. आम्ही चोर नाही. दवाखान्याचं बाद सामान आम्हीच नेतो दरवेळी. तुम्हीच तर देता!”

“हे दवाखान्याचं सामान नाही.”

“लेबल दवाखान्याचंय. पेन पण तुमच्याकडचंच दिसतंय.”

शेवटी त्याने खुर्ची विकत घेतली आणि डोक्यावर उलटी धरून रस्त्याने आणली. ओळखीचे बरेच जण भेटले. खुर्चीच्या चार पायांमधून चेहरा दिसत असताना माणसाने ओळख दाखवावी की नाही, हे त्याला ठरवता येईना. त्याने मधला मार्ग काढला आणि सगळ्यांकडे बघून खोकला.

त्या रात्री जेवताना त्याने फौजदारला सांगितलं, आता दुसरे शब्द वाचायचे. फौजदार म्हणाली, दुसऱ्या शब्दांनी काय होतं? ‘पंखा’ लिहिलं तर काय होतं? पंखा होता तसाच राहतो. पंडितने डोळे मिटूनच तिची बाजू घेतली.

यानंतर एक आठवडा अगदी शांततेत गेला. घरात नवीन लेबल दिसलं नाही. स्टोअरकीपर पहिल्या मजल्यावर राहत असे आणि जिन्याने जाई-येई. त्या आठवड्यात जिन्यात बरीच गर्दी दिसू लागली. वरच्या मजल्यांवरचे लोक धापा टाकत, पिशव्या टेकवत, कठड्याला धरून चढत होते. लोकांना प्रकृतीची काळजी वाटू लागली, हे पाहून त्याला बरं वाटलं. सहाव्या मजल्यावरच्या बाईंना तर तो, “असंच चालू ठेवा,” असं म्हणाला. त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, तिचा अर्थ त्याला पुढे कळला.

मोठ्या साहेबांनी बोलावलं तेव्हा त्यांच्या टेबलावर सोसायटीचं पत्र होतं.

“तुम्ही कुठे राहता हो?” साहेबांनी विचारलं. स्टोअरकीपरने सांगितलं. “मग बरोबर. तुमच्या इमारतीचे सेक्रेटरी विचारतायत, आपल्या भांडार विभागाने त्यांची लिफ्ट कुठल्या नियमाखाली बाद ठरवली.”

स्टोअरकीपरला जिन्यातली गर्दी आठवली.

“आपल्या दवाखान्याची लिफ्ट कधीपासून बंद आहे. पेशंट उचलून न्यावे लागतात. ती तुम्ही ‘दुरुस्तीस’ दाखवता. आणि लोकांची चालती लिफ्ट बाद करून येता?”

“मी नाही साहेब.”

“मग हे अक्षर कोणाचं?” साहेबांनी लेबलाचा फोटो पुढे केला. “चांगलं आहे अक्षर. आपल्या विभागात असं कुणाचंच नाही.”

“मुलीचं आहे.”

“कुठल्या हुद्द्यावर आहे?”

“पहिलीत.”

साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि तो परत लावला. त्यांनाही मुलं असावीत. ते रागावले नाहीत. पण प्रकरण आता रागाच्या पलीकडे गेलं होतं. सेक्रेटरींनी लेबल पाहिल्याबरोबर लिफ्ट कंपनीला कळवलं होतं. कंपनीचा मेकॅनिक आला, लेबल वाचलं आणि हातसुद्धा न लावता परत गेला. सरकारी खात्याने बाद केलेल्या यंत्राला हात लावला आणि उद्या काही झालं, तर जबाबदार कोण? ज्यांनी बाद केली त्यांनीच लेखी मागे घ्यावी. सेक्रेटरी म्हणाले, लेबल काढून टाकू. मेकॅनिक म्हणाला, काढून टाका, पण मी ते पाहिलंय.

“तेव्हा आता मागे घ्यायची,” साहेब म्हणाले. “आणि मी सही करणार नाही, कारण मी बाद केलेली नाही. तुम्हीही करायची नाही. ज्याच्या हाताने बाद झाली, त्याच हाताने परत वापरात. आपला नियमच आहे तो. तुम्हीच मला समजावून सांगितला होतात, माझ्या कपाटाच्या वेळी.”

सांगितला होता खरा. चांगला अर्धा तास.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तळमजल्यावर सगळी इमारत जमली. सहाव्या मजल्यावरच्या बाई खुर्ची घेऊनच खाली आल्या होत्या. मेकॅनिक हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. सेक्रेटरींनी कोरं लेबल लिफ्टच्या दाराशी स्टुलावर ठेवलं, शेजारी पेन. फौजदार आली. तिने लिफ्टकडे पाहिलं आणि हाताची घडी घातली.

“मी नाही लिहिणार. ही दप्तर खाते.”

चौकशी केल्यावर कळलं, ते असं. लिफ्टच्या दारात तिच्या दप्तराचा पट्टा अडकला होता. पंडित आत होता, ती बाहेर, पट्टा मध्ये. दार उघडेना. पंडित आतून रडू लागला. मग कसंतरी उघडलं, आणि पंडितला घेऊन बाहेर पडताच तिने लिफ्टला जन्माची अद्दल घडवली.

“पंडितला एकट्याला घेऊन चालली होती,” ती म्हणाली. “मग बाद नाही तर काय?”

स्टोअरकीपरने आपल्या चपलांकडे पाहिलं.

मेकॅनिक उठला. “मॅडम,” तो गंभीरपणे म्हणाला, “दाराची पट्टी ढिली आहे, ती मी बसवतो. मग तुम्ही स्वतः तपासा.” त्याने पट्टी बसवली. मग फौजदारने आपलं रिकामं दप्तर दारात धरलं. दार आलं, दप्तराला टेकलं आणि मागे गेलं. तिने पुन्हा धरलं. मग पंडितचा हात धरायला लावायच्या बेतात होती, तेवढ्यात स्टोअरकीपर मध्ये पडला आणि त्याने स्वतःचा हात धरला. दार मागे गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“चल,” सेक्रेटरी म्हणाले. “लिही. वस्तू: लिफ्ट. स्थिती: वापरात. दोन शब्द.”

फौजदारने पेन उचललं. आणि तिथेच थांबली.

‘बाद’ तिला येत होतं. ‘वापरात’ तिने रोज हजार वेळा न बघता ओलांडलं होतं. तिने हळूच पंडितकडे पाहिलं. पंडितचे ओठ हलू लागले. कित्येक दिवसांनी त्याने डोळे उघडे ठेवले होते. स्टोअरकीपरने पुढे होऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“सांगू दे ना बाबा,” हाताखालून आवाज आला. “तिला येत नाही. सगळे बघतायत.”

“माहितीय.”

“मग?”

“परीक्षेत तू नसशील.”

पंडित रडू लागला. हात ओला झाला, पण त्याने काढला नाही. सगळी इमारत आपल्याला कसाई समजते आहे, असं त्याला वाटलं, आणि त्यात फारशी चूक नसावी. फौजदारने पंडितच्या तोंडावरचा हात पाहिला, मग बापाच्या तोंडाकडे पाहिलं. तिने याआधी त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मग ती पाठ करून स्टुलाशी बसली.

“आधी ल काढ बाळ,” काकू म्हणाल्या.

“वेलांटी विसरू नकोस!”

“अहो तुम्ही गप्प बसा, तिला गोंधळवू नका. वेलांटी पहिली गं!”

“फ अर्धा आहे,” सेक्रेटरी म्हणाले.

“कुणीही बोलायचं नाही!” स्टोअरकीपर ओरडला. तो इतक्या मोठ्याने कधी ओरडला नव्हता. खाली आणलेल्या आपल्या खुर्चीत नुकतेच झोपलेले काका जागे झाले.

तिने लिहिलं. एक अक्षर काढायची, ओठ हलवायची, मग उठून भिंतीवरच्या सूचनाफलकापाशी जायची. तिथे सेक्रेटरींनी आठवडाभरापूर्वी लावलेली सूचना होती, ‘लिफ्ट वापरात नाही’. ती त्या सूचनेवर बोट फिरवून परत यायची. हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा सहाव्या मजल्यावरच्या बाईंनी हळूच पदर तोंडाला लावला. त्या एवढ्या लोकांत नेमका तोच शब्द कुठे लिहिलेला आहे, हे तिने स्वतः शोधून काढलं होतं. शोधून काढला, म्हणजे वाचला असणार.

शेवटी लेबल झालं. लिफट: वापरात.

“फ…” सेक्रेटरींनी सुरुवात केली.

“चालेल,” स्टोअरकीपर म्हणाला.

मेकॅनिकने लेबल हातात घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाला, “मला चालतं. सही?” सही तिने पंज्याएवढी मोठी केली. सहाव्या मजल्यावरच्या बाई खुर्चीसकट लिफ्टमध्ये शिरल्या आणि वर गेल्या.

पुढे काय करायचं, ते मग कुणाला सांगावं लागलं नाही. इमारतीत आणि घरात अजून बरंच काही बाद पडलेलं होतं आणि नियम एकच होता, ज्याच्या हाताने बाद, त्याच हाताने परत. आणि आता ‘वस्तू’ची ओळ कोरी सोडायची नाही, असं साहेबांनी सांगितल्याचं स्टोअरकीपरने दडपून सांगितलं. दर संध्याकाळी फौजदार लेबलं घेऊन निघे. कंगवा. मोजे. घड्याळ. गणिताचं पुस्तक परत वापरात आणायला तिने सगळ्यांत जास्त वेळ लावला. काकूंच्या दारात ‘काका: वापरात’ असं लागलं. काकू म्हणाल्या, “कुठे? दाखव मला!” पण लेबल त्यांनी काढलं नाही. पंडितने डोळे उघडले, कारण रोज संध्याकाळी बहीण काय लिहिते, ते पाहिल्यावाचून त्याला चैन पडेना.

तोंडी परीक्षेच्या दिवशी दार बंद होतं आणि पंडित बाहेर बाकावर बसला होता. स्टोअरकीपर येरझाऱ्या घालत होता. आतून फौजदारचा आवाज येत होता. अडखळत, थांबत, पुन्हा मागे जाऊन. खणखणीत नव्हता. तिचा खरा आवाज वाचताना इतका लहान होतो, हे त्याला आजच कळलं.

बाईंनी दार उघडलं. “झाली पास,” त्या म्हणाल्या. “दोघं दुसरीत.”

स्टोअरकीपरने हात जोडले.

“दोन तुकड्यांत,” बाई पुढे म्हणाल्या. “सख्खी भावंडं आम्ही एका तुकडीत ठेवत नाही. पहिलीला मी एकटीच शिक्षिका होते, म्हणून एकत्र होती.”

“आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलंत कुठे? मी फक्त इयत्तेचं बोलले होते, दोघं पुढच्या इयत्तेत जावीत. गेली ना?”

इतका सगळा खटाटोप, लिफ्ट, खुर्ची, साहेब, आणि शेवटी हे! त्याने अर्ज लिहिला. मुख्याध्यापकांना भेटला. त्यांनी अर्ज घेतला, छान अक्षर आहे म्हणाले आणि नकार दिला. मग सुट्टीभर तो मुलांना हे कसं सांगायचं, याची तयारी करत राहिला. शेवटी शाळेच्या आदल्या संध्याकाळी, दोघांना समोर बसवून, खूप खोकून, त्याने सांगितलं.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

“मला कुणी मारलं तर?” पंडितने विचारलं.

“माझ्या वर्गात सांगायला ये,” फौजदार म्हणाली. “आणि मधल्या सुट्टीत भेटू. आमच्यात काय शिकवलं, ते मी तुला वाचून दाखवीन.”

“बरं,” पंडित म्हणाला आणि दोघं खेळायला गेली.

स्टोअरकीपरचं भाषण अजून अर्ध्यावरच होतं.

पहिल्या दिवशी तो दोघांना घेऊन शाळेत गेला. रडारड झालीच तर असावा, म्हणून खिशात बिस्किटांचा पुडा ठेवला होता. दोन वर्गांची दारं शेजारी शेजारी होती. पंडित एका दारातून आत गेला, फौजदार दुसऱ्या. जाताना एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

घंटा झाली. दारं लागली. वऱ्हांडा रिकामा झाला. तो दोन दारांच्या मध्ये उभा होता. कुठल्या दाराकडे तोंड करावं, ते कळत नव्हतं.

शिपाई आला. “पालकांनी इथे थांबायचं नाही.”

“दोनच मिनिटं.”

“मुलं रडतायत का?”

“नाही.”

“मग?”

स्टोअरकीपरने उत्तर द्यायला तोंड उघडलं. या वेळी खोकलाही आला नाही. शिपायाने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग भिंतीशी ठेवलेलं आपलं स्टूल ओढून त्याच्यासमोर ठेवलं.

“बसा. दर वर्षी एखादे वडील असतातच.”

तो बसला. थोड्या वेळाने त्याने खिशातला पुडा काढला, फोडला आणि शिपायापुढे धरला.